वशाटाचं भांडं

मे महिन्यातला गुरुवार होता. ऑफिसातून घरी आलो, गॅरेजमध्ये गाडी लावली आणि मागच्या अंगणातून खरखर ऐकू आली. आवाज ओळखीचा होता, पण या घरात कधी ऐकलेला नव्हता. लोखंडावर तारेची घासणी. मागचं काचेचं दार सरकवलं तर आई उलट्या बादलीवर बसलेली, पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत काळे. मांस धुरावर शिजवायच्या माझ्या स्मोकरचं झाकण सताड उघडं. आतल्या दोन्ही जाळ्या गवतावर उन्हात मांडलेल्या, दिवाळीच्या आधी पितळेची भांडी मांडतात तशा, आणि तशाच चकचकीत. पाण्याचा पाइप चालूच होता. भट्टीत राखेचं काळं पाणी तुंबलेलं. शेजारी गाडीच्या इंजिनाचा ओशटपणा काढायची माझी जांभळी बाटली, अर्धी रिकामी. "आलास व्हय? बघ, इंजान कसं पाक नवं करकरीत निघालं," ती म्हणाली. चिमणी असल्यामुळे त्या वस्तूला ती पहिल्या दिवसापासून इंजान म्हणते.

मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. "सहा वर्षं लागली होती मला ते काळं करायला," एवढं नक्की बोललो, आणि आवाज चढवून बोललो. मराठीत हे वाक्य किती विचित्र ऐकू येतं ते तोंडातून गेल्यावर कळलं. आई उठली. "काजळी हुती रं. पोपडं लोंबत हुतं आतनं. तसंच खाता काय त्यातलं?" एवढंच म्हणाली, पाइप बंद केला आणि आत गेली. रात्री ती टीव्हीसमोर बसून हातांना व्हॅसलीन चोळत होती. नखांच्या कडेला काळं राहिलं होतं. त्या बाटलीतल्या क्षारानं बोटांची कातडी पांढरी पडली होती. मी पाणी प्यायला म्हणून दोनदा स्वयंपाकघरात गेलो आणि दोन्ही वेळा काही न बोलता परत आलो.

हा स्मोकर म्हणजे काही दुकानातली वस्तू नाही. ऑस्टिनच्या उत्तरेला आम्ही राहतो तिथून तासाभरावरच्या एका गावात एका वेल्डर म्हाताऱ्याने तो पाइपलाइनच्या जुन्या नळापासून बनवला होता. पाव इंच जाडीचं पोलाद. चार जणांनी कण्हत-कुथत ट्रकवर चढवला. एका टोकाला भट्टी, मध्ये आडवा नळ, दुसऱ्या टोकाला धुरांडं. जाळ एकीकडे, मांस दुसरीकडे, आणि मधून जाते ती फक्त ऊब आणि धूर. यात माझ्याकडे बोकडाची मांडी होते, कोंबडी होते, वर्षातून दोन-तीनदा डुकराचा खांदा होतो. टेक्ससमध्ये राहून ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं मांस, करत नाही म्हणून ऑफिसातले लोक माझी कीव करतात; त्याची कारणं मराठी वाचकाला सांगत बसायला नकोत. २२५ ते २७५ फॅरनहाइट एवढीच आच ठेवायची, तासाला एक ओकची ढलपी सारायची आणि खुर्ची टाकून बसायचं. मांडीला सहा तास, खांद्याला बारा. भट्टीचं वरचं पान सपाट आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससची वीज गेली आणि घरं गोठली, तेव्हा मी त्याच पानावर चहा आणि मुगाची खिचडी केली होती. डोक्याला मफलर, हातात हातमोजे, समोर बर्फ. फोनला चार्जिंग होतं तेवढ्यात आईला फोटो पाठवला. तिचा उलट निरोप आला: "चांगली चूल हाय."

चूलच होती ती. मी मात्र सहा वर्षं तिला यंत्र समजत होतो.

काळं करायला सहा वर्षं लागली म्हणजे काय, ते थोडं सांगतो. कोऱ्या पोलादाला पातळ तेल लावून जाळ केला की त्या तेलाचं तेलपण जातं आणि त्याचा कठीण थर बनतो. मग दर वेळी चरबीची वाफ आणि धूर त्यावर बसत जातात. हा थर पातळ असतो, कोरडा असतो, त्यावरून बोट फिरवलं तर बोटाला काही लागत नाही. त्यानं गंज धरत नाही आणि जाळीला मांस चिकटत नाही. पण काळ्याचा दुसराही एक प्रकार आहे, आणि तो दुरून अगदी पहिल्यासारखाच दिसतो. लाकूड ओलं असलं, किंवा धुरांड्याचं तोंड आवळून हवा कोंडली, की जाळ धुमसतो. निळसर, जेमतेम दिसणारा धूर जाऊन दाट पांढरा धूर येतो. अर्धवट जळलेलं ते सगळं झाकणाच्या आतल्या थंड बाजूवर जाऊन बसतं. आधी चिकट, डांबरासारखं, मग वाळून त्याचे पोपडे. त्या धुरात शिजलेल्या मांसाचा एक घास घेतला तरी जिभेचं टोक बधिर होतं. आणि एखादा पोपडा सुटून मांडीवर पडला, की पाहुण्यांना "ही मिरी आहे" असं सांगावं लागतं. मी सांगितलेलं आहे.

आता खरं बोलायचं तर आई म्हणाली ते पोपडे होतेच. एप्रिलभर पाऊस होता, लाकडं ताडपत्रीखाली दमट झाली होती, आणि एका रात्री झोप अनावर झाली म्हणून मी हवा आवळून सरळ झोपायला गेलो होतो. सकाळी झाकण उघडलं तेव्हाच ते काळे पापुद्रे लोंबताना दिसले होते. पुट्टीची पट्टी घेऊन दहा मिनिटांत खरवडून निघाले असते. पुढच्या रविवारी करू, म्हटलं. नंतरचे तीन रविवार गेले. भट्टीत तीन आठवड्यांची राखही तशीच होती, आणि राख हवेतलं पाणी ओढते. ओली राख म्हणजे क्षार, आणि क्षार-पाण्याचा तो चिखल पोलादाला आतून खातो. म्हणजे भट्टीचा तळ खायची सुरुवात मी आधीच करून दिली होती. आईने त्यात पाणी ओतलं एवढंच. पण आरडाओरडा करताना यातलं एकही आठवलं नाही. आठवलं असतं तर आवाज आणखी चढला असता, असं आता वाटतं.

कऱ्हाडजवळच्या आमच्या घरात दोन चुली होत्या. आतली रोजची, आणि परसात तीन दगडांची, वशाटाची, म्हणजे मटण-मांसाची. आई माळकरी. लग्नाआधीपासून गळ्यात तुळशीची माळ आहे, त्यामुळे मटण आबा करायचे, परसात, स्वतःच्या हातानं. आतल्या चुलीवर भाकरी थापता थापता ती "कांदा खरपूस होऊ द्या," "आता मीठ" असं आतूनच सांगायची, तेही फक्त वासावरून. चव न घेता मीठ बरोबर सांगणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. जेवणं झाली की ती वशाटाची पातेली मात्र तीच घासायची. लहानपणी एकदा मी विचारलं होतं, तुला चालतं कसं? तिनं माझ्याकडे मी वेडा असल्यासारखं पाहिलं. "घासायला काय हुतंय? खायाचं न्हाई म्हंजी घासायचं बी न्हाई व्हय?" पातेलं चुलीवर चढवण्याआधी त्याच्या बुडाला बाहेरून ओल्या राखेचा लेप द्यायचा, म्हणजे काजळी लेपावर बसते आणि लेपासकट निघून जाते. आतली चरबी काढायलाही राखच. राखेतला क्षार आणि चरबी मिळून अंगचाच साबण होतो, हे मला कॉलेजात केमिस्ट्री शिकताना कळलं. तिला नारळाची शेंडी, मूठभर राख आणि दगडावर बसायची जागा एवढंच लागायचं. घासलेली पातेली वेगळी, परसातल्या खुंट्यांवर पालथी. आबा गेल्यापासून तिथली चूल पेटलेली नाही. पातेली अजून आहेत.

त्याच घरात आतल्या चुलीच्या वरचं आढं मात्र काळंभोर होतं. डांबर ओतल्यासारखं, चमकणारं. दिवाळीआधी केरसुणीला काठी बांधून आई जळमटं काढायची, भिंती पांढऱ्या करायची, पण आढ्याला कुणी हात लावत नसे. धुरानं लाकडाला कीड लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि चुलीशेजारी कोनाड्यात बिडाचा तवा उभा असायचा. त्याला साबण लावला म्हणून माझ्या धाकट्या काकूनं नवी नवरी असताना जी बोलणी खाल्ली, ती अजून घरात सांगितली जातात. आमच्या घरातलं चांगलं काळं कुठलं आणि वाईट काळं कुठलं, याचा निवाडा करणारी बाई जर कुणी असेल तर ती आई. मग हिनं हे असं कसं केलं, याचं मला दोन दिवस आश्चर्य वाटत होतं. आश्चर्य आणि राग एकमेकांत मिसळले की माणूस फार समजूतदार चेहरा करून घरात वावरतो. मी तसा वावरत होतो.

शनिवारी तिला घेऊन लॉकहार्टला गेलो. माळकरी आईची समजूत काढायला तिला मांसाच्या गावी नेणारा मी एकटाच असेन. टेक्ससच्या विधिमंडळानं १९९९ साली या गावाला राज्याची बार्बेक्यू राजधानी म्हणून जाहीर केलंय. खरं म्हणजे तिला जुनं गाव, कोर्टाची देखणी इमारत आणि चौक दाखवावा असं मनात होतं. ती बाकावर बसून डब्यातला दहीभात खाईल, तोवर मी पाव किलो डुकराचं मांस खाऊन येईन, असा बेत. पण तिला आत यायचं होतं. जुन्या इमारतीत शिरलं की विटांच्या लांब भट्ट्या लागतात आणि त्यांच्या तोंडाशी जमिनीवरच ओकचे ओंडके उघडे जळत असतात. ना जाळी, ना कठडा. रांगेत उभं राहिलं की पोटऱ्या भाजतात. आईनं साडी सावरली आणि भिंतीकडे पाहत राहिली. शंभर वर्षांचा धूर त्या भिंतींवर बसलाय.

रांगेत उभ्या उभ्या मी तिला तिथली गोष्ट सांगितली. क्राइट्स मार्केट नावाचं खाटकाचं दुकान १९०० सालापासून इथेच होतं. पुढे मालक वारले तेव्हा इमारत मुलीकडे आली, धंदा मात्र मुलांकडे होता. जमेना. शेवटी १९९९ मध्ये भाऊ धंद्याचं नाव घेऊन जवळच नव्या जागेत गेला, आणि जाताना जुन्या भट्टीतले निखारे टबात भरून रस्त्यावरून ओढत नेले, नवी भट्टी त्याच विस्तवावर पेटवायला. बहिणीच्या बाजूला ही जागा राहिली, नवं नाव लावून. आईला मांसात रस नव्हता, राजधानीत नव्हता. या गोष्टीनं मात्र तिचे डोळे चमकले. "भन-भावाचं भांडान हितं बी हाय म्हन की," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "आमी बी शेजारनंच इस्तू आनायचो. काडी कशाला जाळायची? गवरीवर घालून आनायचा. पर भांडान झाल्यालं असलं तर त्या घरचा न्हाई आनायचा." क्राइट्सच्या निखाऱ्यांवर मी पुष्कळ वाचलंय. हा मुद्दा कुणाच्या डोक्यात आलेला दिसला नाही.

मग तिनं हात पुढे केला, भिंतीवरून तर्जनी ओढली आणि बोट उजेडात धरून बघितलं. बोट जवळजवळ कोरडं होतं.

"ह्ये न्हाई निघायचं," ती म्हणाली. अजून एकदा ओढून बघितलं. "मुरलंय." आणि माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "आन तुझं इंजान बी बिडाच्या तव्यावानी हुतं म्हन की. मग तसं सांगायचंस. मी काय तवा साबनानं घासती व्हय?"

मागचा माणूस पुढे सरका म्हणून खुणावत होता. आम्ही सरकलो. जानेवारीत ती आली तेव्हापासून मी तिला त्या स्मोकरबद्दल खूप काही सांगितलं होतं. थर्मामीटर कसं झाकणाबाहेर चाळीस अंश खोटं दाखवतं, ते खरं आहे का ते बघायला उकळत्या पाण्यात धरून २१२ येतात का ते कसं बघायचं. लाकडातलं लिग्निन जळून कुठली रसायनं होतात आणि त्यांचाच तो वास. चरबी निथळायचं भोक बुजलं तर आत आग लागते, लागली तर पाणी न मारता झाकणं लावून हवा तोडायची. ती हं हं करत ऐकत होती आणि मटार सोलत होती. 'तवा' हा एक शब्द मला पाच महिन्यांत सुचला नव्हता. माझ्या डोक्यात तो काळा थर 'सीझनिंग' या इंग्रजी नावानंच होता.

रविवारी सकाळी दोघं मिळून कामाला लागलो. जाळ्यांवर दोन दिवसांत नारिंगी गंज आला होता, टेक्ससमधल्या मे महिन्याची हवा तशीच असते. तळातला राखेचा चिखल मी फावड्यानं काढला. आईनं विचारलं, ह्यो टाकतूस कुठं? पत्र्याच्या झाकणाच्या बादलीत, म्हटलं. पहिल्याच वर्षी मी आदल्या रात्रीची राख सकाळी थंड समजून प्लास्टिकच्या कचराकुंडीत ओतली होती आणि दुपारपर्यंत कुंडीला बूड राहिलं नव्हतं. "राखंखाली इस्तू असतोयच," ती म्हणाली, जणू हे पोराला चौथीत येऊन गेलेलं असतं. गंज खरवडला, पुसला, बारीक जाळ करून लोखंड कोरडं केलं. मग तेल. मी कापड बुडवून सढळ हातानं लावत सुटलो, तर तिनं कापड काढून घेतलं. "हात जड झाला की मेनचट हुतंय. पुसून काढ. चुकून लागलंय असं वाटाय पायजे." लावलेलं सगळं पुसून घ्यायला लावलं. मग अडीच-तीन तास खणखणीत जाळ, निवू द्यायचं, पुन्हा तेल, पुन्हा जाळ. असे तीन हात दिले. दुसऱ्या जाळाच्या वेळी ती आत गेली आणि अर्धा कांदा काट्याला टोचून घेऊन आली. घावनाच्या तव्यावर फिरवतात तसा तापल्या जाळीवर फिरवायला लागली. चर्र झालं आणि सगळ्या अंगणात तोच वास सुटला. मला हसू आलं, कारण इथले जुने लोकही हेच करतात. मीही तारेचा ब्रश टाकून अर्ध्या कांद्यावर आलो होतो, तो ते बघून आणि एक बातमी वाचून. २०१२ साली इथल्या रोगनियंत्रण केंद्रानं ऱ्होड आयलंडमधले सहा रुग्ण नोंदवले होते, ब्रशची तुटकी तार मांसातून पोटात गेलेले. पण आईला मी हे त्या वेळी सांगितलं नाही. तिचा कांदा तिचाच राहू दिला.

माफी मागायची राहिली. आमच्या घरात तो शब्द कुणी कुणाला म्हणत नाही. त्याऐवजी मी तिच्यासाठी चौथ्या जाळात, अगदी कोऱ्या जाळीवर, काही शिजायच्या आधी, वांगी भाजली. ओकच्या धुरातलं भरीत तिनं भाकरीशी खाल्लं आणि मीठ कमी आहे म्हणाली. जुलैमध्ये ती परत गेली.

परवा, ऑक्टोबरातल्या शनिवारी, कोंबडी काढून झाल्यावर स्मोकर अजून कोमट होता तेव्हाच झाकण खरवडायला घेतलं. कोमट असताना पोपडे लवकर सुटतात. खिशातला फोन वाजला, तिकडे रविवारची पहाट झालेली. व्हिडिओत आधी तिचं कपाळ दिसलं, मग छताचा पंखा, मग ती. काय करतूयस? झाकण घासतोय, म्हटलं. "दाखव." मी फोन आत धरला. कॅमेऱ्यात सगळं नुसतंच काळं दिसत असणार, असं मला वाटलं.

"आजून आत घाल. डाव्या अंगाला, धुरांड्याच्या बुडाला, कोपऱ्यात बघ."

मी वाकून बघितलं. होता एक पोपडा.